सात ठिपक्यांचा अलिफ

सकाळी ६.१५

उठल्यावर पहिलं काम हातांचं. कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून ठेवायचे, बोटं एकेक करून मोकळी करायची, खांदे पुढे-मागे फिरवायचे. सप्टेंबरात इस्तंबूलला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे उस्कुदारमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत हे सगळं दिव्याच्या उजेडात चालतं. आज बुधवार, धड्याचा दिवस. आठवडाभर गिरवलेला कागद आज होजांपुढे ठेवायचा. इथे शिक्षकाला ‘होजा’ म्हणतात आणि हाक मारायची ती ‘होजाम’ अशी. आमच्या होजा साठी ओलांडलेल्या बाई आहेत. उभं आयुष्य त्यांनी अरबी अक्षर लिहिण्यात घालवलंय.

धड्याच्या सकाळसाठी त्यांचे नियम ठरलेले आहेत. जड पिशवी उचलायची नाही. कणीक मळायची नाही, कपडे पिळायचे नाहीत. कॉफी दुपारनंतर. सुरुवातीला मला हे सोवळ्याओवळ्यासारखं वाटलं होतं, पण कारण अगदी शरीरातलं आहे. कुणाचाही निरोगी हात सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा थरथरत असतो. एरवी ते दिसत नाही. ओझं वाहून स्नायू दमले, झोप अपुरी झाली किंवा कॉफी जास्त झाली, की ही थरथर वाढते. दोन-तीन मिलिमीटर रुंद टोकाच्या बोरूने उभी रेघ ओढली, की तिच्या कडेवर ती हजेरी लावते. कागद होजांच्या हातात गेला की त्या विचारतात, “काल रात्री किती वाजता झोपलीस?”

मी मुंबईची. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले आणि पुढे पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी देवनागरी अक्षरं काढत आले. अक्षरांवर पोट असलेल्या माणसाला जगातल्या दुसऱ्या एखाद्या लिपीत पुन्हा बिगरीत बसून बघावंसं वाटतं. मी त्यासाठी इथे आले.

सकाळी ७.००

बोरू तपासायचे. माझ्याकडे दोन जातींचे आहेत. ‘सुलुस’ नावाच्या मोठ्या, डौलदार शैलीसाठी इराणमधल्या देझफुलकडचा तांबूस-काळा बोरू. ‘नस्ख’ या बारीक शैलीसाठी जावाहून येणारी, ताडाच्या कुळातल्या झाडाची काळी टणक काडी. ती लवकर झिजत नाही, म्हणून पानंच्या पानं एका हाताने लिहायची असतात तिथे तिलाच मागणी.

आजच्या बोरूचं टोक मऊ पडलंय, पुन्हा करायला हवं. चाकूने पोट उघडायचं, दोन्ही बाजू तासायच्या, मधोमध चीर पाडायची आणि शेवटी टोक छाटायचं. हा शेवटचा घाव हाडाच्या किंवा शिंपल्याच्या एका छोट्या पट्टीवर घालतात. पट्टीला बोरू बसेल अशी खाच असते. घाव एकच आणि तिरका. त्या तिरकेपणातूनच अक्षराचा जाड-बारीकपणा येतो. तेराव्या शतकात बगदादचा याकूत अल्-मुस्तासिमी याने हा तिरका छेद अक्षराच्या सौंदर्यासाठी असा काही वापरला, की पुढच्या पिढ्या त्याच वाटेने गेल्या. छेद नीट बसला तर ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. आवाज मऊ आला की समजायचं, बोरू चेचला गेलाय.

जुन्या उस्मानी काळातले काही लेखक बोरूच्या ढलप्या फेकत नसत. आयुष्यभर साठवून ठेवत आणि आपल्या अखेरच्या स्नानाचं पाणी त्यावर तापवावं असं सांगून जात, अशी आठवण इथे सांगतात. मी ढलप्या एका बरणीत टाकते, पण त्या चूल पेटवायच्या कामी येतील इतपतच माझी महत्त्वाकांक्षा.

मग शाई. दिव्याची काजळी, बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी, खलबत्त्यात दिवसेंदिवस घोटलेलं. दौतीत कच्च्या रेशमाचा गोळा असतो, त्याला ‘लिका’ म्हणतात. बोरू शाईत बुडवायचा नाही, ओल्या रेशमाला टेकवायचा. मग हवी तेवढीच शाई येते आणि टोकालाही धक्का बसत नाही.

सकाळी ७.३०

दोन तास कित्ता. डेस्कवर नाही. जमिनीवर पातळ गादी, डावा पाय मुडपलेला, उजवा गुडघा उभा, गुडघ्यावर कातडी पुठ्ठा, त्यावर कागद. डाव्या हाताने कागद सरकवत राहायचं. या बैठकीत कागद डोळ्यांजवळ येतो, त्यामुळे मान वाकवावी लागत नाही. गुडघ्याचं हाड आणि मधला लवचीक पुठ्ठा यांच्यामुळे कागद किंचित दबतो आणि बोरूला टेकू मिळतो. पण याची कमरेला सवय व्हावी लागते. खुर्चीत वाढलेल्या आपल्यासारख्यांचं पहिले काही आठवडे अक्षरांपेक्षा मांड्यांकडेच लक्ष असतं.

पानावर आज उभ्या दांड्याचं अक्षर अलिफ, आणि अलिफाला जोडून येणारं लाम. अलिफाची उंची कशाने मोजायची? बोरूच्याच टोकाने. टोक तिरकं टेकवून एक चौकोनी ठिपका काढायचा, त्याच्यावर दुसरा, तिसरा. आमच्या सुलुसच्या कित्त्यात अलिफ सात ठिपक्यांचा आहे. बाकी प्रत्येक अक्षराची रुंदी, पोटाची खोली, शेपटीची लांबीही ठिपक्यांतच. बोरू बदलला की ठिपका बदलतो आणि सगळं अक्षर त्याच प्रमाणात लहान-मोठं होतं. फूटपट्टी लागतच नाही.

प्रमाणबद्ध लेखनाची ही कल्पना दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला याच्या नावावर आहे. तो तीन खलिफांचा वजीर होता. राजकारणात हरला, उजवा हात छाटला गेला, तर हाताच्या खुंटाला बोरू बांधून लिहीत राहिला असं सांगतात. इ.स. ९४० मध्ये तो तुरुंगात मेला. त्याच्या हातचं म्हणून निःशंकपणे दाखवता येईल असं पान आज नाही. राहिलं ते मोजमाप.

माझ्या डोळ्याला यात एक मोठी अडचण आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला वरून लटकतं. नजर आधी वर जाते, तिथून खाली उतरते. अरबी अक्षर खालच्या अदृश्य रेषेवर बसतं आणि तिच्याखाली बुडी मारून वर येतं. माझी नजर वर टेकू शोधते, तिथे काहीच नसतं. वळण हाताला आठवड्याभरात येतं, डोळ्याला फार उशिरा.

आणि श्वास. लहान फटकारे श्वास अडवून, लांब वळणं श्वास सोडत सोडत. कुणी मुद्दाम शिकवत नाही, कागदच शिकवतो. छाती वर-खाली झाली की खांदा हलतो, खांद्याबरोबर टोक. अलिफ ओढताना श्वास घेतलात तर सहाव्या ठिपक्यापाशी रेघ पोक काढते. दोन तासांत शेकडो वेळा असा श्वास सावकाश सोडला जातो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीरशास्त्राचं साधं गणित आहे. म्हणजे मन शांत करायचं असं मी सकाळपासून एकदाही ठरवलेलं नसतं आणि साडेनऊला उठते तेव्हा ते झालेलं असतं. माझं लक्ष तर सातव्या ठिपक्यावर होतं.

सकाळी १०.००

उस्कुदारहून एमिनोन्यूची फेरी. बॉस्फरस ओलांडायला वीसेक मिनिटं पुरतात. कागदाची नळी मांडीवर, आणि डोळे लांब, टेकडीवरच्या सुलेमानिये मशिदीच्या घुमटावर. हाही दिनक्रमाचा भाग. दोन तास वीतभर अंतरावर रोखलेल्या डोळ्यांना किलोमीटरभर दूरचं काहीतरी द्यायचं.

पलीकडे उतरून चढ चढायचा. सुलेमानिये मशीद वास्तुकार सिनानने १५५० ते १५५७ या काळात बांधली. भिंतींवरची अक्षरं अहमद कराहिसारी आणि त्याचा शिष्य हसन चेलेबी यांच्या घराण्याची. पण शाई घोटणाऱ्यांसाठी या इमारतीत आणखी एक आकर्षण आहे. आत तेलाचे असंख्य दिवे जळायचे. त्यांची काजळी भिंतीवर बसू नये म्हणून सिनानने हवेचा ओढा असा साधला, की ती प्रवेशद्वाराच्या वरच्या एका खोलीत जमा व्हावी. तिथून खरवडलेल्या काजळीची शाई होत असे. मशिदीच्या धुरातून मशिदीसाठीच लिहायची शाई. सिनान हिशोबाचा पक्का असणार.

सकाळी ११.००

वर्ग एका जुन्या दगडी खोलीत भरतो. कपाटं, एक लांब मेज, चहाची किटली. भिंतीवर एस्मा इब्रेत हानिम यांच्या एका ‘हिल्ये’ची छापील प्रत. पैगंबरांचं शब्दवर्णन वर्तुळाकार मांडणीत लिहायचं, त्याला हिल्ये म्हणतात. मूळ पान १७९५ सालचं, लिहिणारीचं वय तेव्हा १५. मुलगी असल्याने हे आपलं काम नाही असं म्हणणारी कुणी आली, की होजा बोटाने भिंत दाखवतात आणि पुढचं बोलत नाहीत.

धड्याची पद्धत अशी. एकेकाने होजांच्या शेजारी बसायचं, आठवड्याचा कागद ठेवायचा. होजा तो आधी बराच वेळ नुसता बघतात. मग तुमच्या अक्षराच्या खाली त्याच आकाराचं अक्षर लाल शाईने काढतात आणि त्यावर ठिपके देतात, म्हणजे कुठे अर्धा ठिपका कमी पडला, कुठे वळण लवकर सुरू झालं, ते दिसावं. बोलणं जवळजवळ नाही. बाकीचे सगळे भोवती उभे राहून बघतात. दुसऱ्याच्या कागदावरची दुरुस्ती बघणं हा अर्धा वर्ग आहे. त्यांचं टोक कागदाला टेकतं तेव्हा ते किती सावकाश चालतं, हे प्रत्यक्ष बघेपर्यंत खरं वाटत नाही. छापील कित्त्यातला फटकारा वेगाने मारलेला वाटतो. प्रत्यक्षात तो गोगलगायीच्या चालीने आलेला असतो.

परंपरेप्रमाणे पहिला धडा म्हणजे एक छोटी अरबी प्रार्थना: काम सोपं होऊ दे, अवघड होऊ देऊ नको, शेवट चांगला कर, अशा अर्थाची. ती ओळ होजांना पटेपर्यंत आठवडेच काय, महिनेही लिहितात. नंतर सुटी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग वाक्यं. शेवटी एखाद्या जुन्या गुरूच्या पानाची हुबेहूब प्रत करायची आणि तिच्याखाली गुरू स्वहस्ते परवानगी लिहितो. त्याला ‘इजाजत’ म्हणतात. तोवर आपल्या लिखाणाखाली सही करायची नाही. इजाजतीला साधारण चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि ती मिळाली की तुमचं नाव गुरूमागून गुरू असं शेख हमदुल्लाहपर्यंत जाणाऱ्या साखळीत जोडलं जातं.

शेख हमदुल्लाह अमास्याचे. १४८१ मध्ये सुलतान झालेला दुसरा बायझिद त्यांचा शिष्य होता. गुरू लिहीत असताना तो दौत धरून बसे, असं सांगतात. पण आज होजांनी त्यांची वेगळीच गोष्ट काढली, त्याला निमित्त झालं.

वर्गात एक नवी मुलगी आली होती. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ. होजांनी विचारलं, “का शिकायचंय?”

“डॉक्टर म्हणाले, ताण कमी होईल असं काहीतरी कर.”

“मला ताणातलं काही कळत नाही,” होजा म्हणाल्या. “मला अलिफातलं कळतं. चालेल?”

मुलगी हसली. होजांनी तिच्या हातात बोरू दिला आणि शेख हमदुल्लाह तिरंदाजांच्या आखाड्याचेही प्रमुख होते, हे सांगितलं. ऐतिहासिकदृष्ट्या ते खरं आहे. त्यांचं नाव धनुर्विद्येतही तेवढंच मोठं. “बाण सोडताना तिरंदाज शांत होण्याचा विचार करत नाही,” होजा म्हणाल्या, “तो नेमाचा विचार करतो. तू ठिपक्याचा कर.”

तिला प्रार्थनेच्या ओळीऐवजी ठिपका आणि अलिफ मिळाला, कारण तिला ही लिपीच येत नाही. इथल्या बहुतेकांना येत नाही. १९२८ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानने कायद्याने लॅटिन लिपी स्वीकारली. आजच्या विशीतल्या तुर्की मुलीला आपल्या खापरपणजोबांच्या थडग्यावरचं नाव वाचता येत नाही. तेव्हा या वर्गात ती आणि मी सारख्याच परक्या.

दुपारी १.१५

सुलेमानियेसमोरच्या रांगेतली दुकानं ‘कुरू फासुल्ये’साठी प्रसिद्ध आहेत. पांढऱ्या घेवड्याची दाट, तुपकट उसळ, सोबत भात आणि मिरचीचं लोणचं. मालवणी माणसाला थोडं तिखट कमी वाटेल, बाकी तक्रारीला जागा नाही.

जेवताना विषय १९२८ चाच राहिला. लिपी गेली तेव्हा शेकडो लेखकांची रोजी गेली. काही छापखान्यात गेले, काहींनी हात कायमचा थांबवला. दियारबकरहून आलेले हामिद आयताच हे मात्र टिकले. जन्म १८९१, मृत्यू १९८२. पत्रिका, लेबलं, शिक्के अशी पडेल ती छपाईची कामं करत त्यांनी अक्षर जिवंत ठेवलं आणि शिष्य तयार केले. त्यांतले एक हसन चेलेबी, कराहिसारीच्या त्या सोळाव्या शतकातल्या शिष्याच्याच नावाचे, १९३७ ते २०२५. त्यांच्याकडे जगभरातून लोक आले. अमेरिकेच्या मोहम्मद झकारिया यांना १९८८ मध्ये त्यांच्याकडून इजाजत मिळाली. अमेरिकी टपाल खात्याने २००१ मध्ये काढलेल्या ईदच्या तिकिटावरचं अक्षर याच झकारियांचं. १९८६ पासून इथल्या इर्सिका या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, पहिली स्पर्धा हामिद यांच्याच नावाने झाली. २०२१ मध्ये युनेस्कोने तुर्कस्तानची ही कला आणि सोळा देशांनी मिळून मांडलेली अरबी सुलेखनकला, दोन्ही आपल्या वारसायादीत घेतल्या.

हामिद यांच्यासारख्यांनी चिकाटीने हात चालू ठेवला आणि सगळी साखळी तुटता तुटता राहिली.

दुपारी २.३०

दुपार कागदाची. साधा कागद शाई पिऊन टाकतो, त्यावर दुरुस्ती होत नाही. म्हणून त्याला ‘आहर’ चढवतात. आधी चहाच्या पाण्यात रंगवून कागदाचा पांढरा झगझगाट घालवायचा. मग अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी फेटून, गाळून, स्पंजाने त्याचा हात द्यायचा. वाळला की दुसरा हात. काही जण खाली खळीचा थरही देतात. शेवटी घोटाई. लाकडी फळीवर कागद पसरून गुळगुळीत गारेच्या दगडाने वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चकाकी येईपर्यंत. लेखनात जेवढा संयम, तेवढाच यात जोर. खांदे, दंड, पाठ, सगळं कामाला लागतं. सकाळी जे स्नायू जपले ते आता वापरायचे, म्हणून हे काम धड्याच्या नंतर.

घोटलेला कागद लगेच वापरत नाहीत, वर्षभर दडपून ठेवतात. शाई मग थरावर बसते, आत मुरत नाही. अक्षराची कड सुटली तर ओल्या कापसाने पुसता येते, चाकूच्या टोकाने खरवडता येते. आपण जुनी पानं बघून म्हणतो, किती निर्दोष हात. त्या निर्दोषपणात दुरुस्तीला जागा ठेवणाऱ्या कागदाचाही वाटा असतो.

दुपारी ४.४५

परतीची फेरी. सोबत वर्गातले सगळ्यांत वयस्क विद्यार्थी, निवृत्त दंतवैद्य. त्यांना आम्ही सगळे ‘डॉक्टर’च म्हणतो. सकाळच्या मुलीचं बोलणं त्यांच्या डोक्यात होतं.

“होजांना ताणातलं कळत नाही, पण थोडंफार मला कळतं,” ते म्हणाले. त्यांनी सांगितलं ते असं. हाँगकाँगमध्ये हेन्री काओ या मानसशास्त्रज्ञांनी चिनी कुंचल्याच्या लेखनावर अनेक वर्षं काम केलं. लिहिताना हृदयाची गती मंदावते असं त्यांना दिसलं. नॉर्वेच्या ट्रॉन्हाइममधल्या विद्यापीठाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या होत्या. तेच शब्द कीबोर्डवर टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संवाद जास्त गुंतागुंतीचा झाला.

“म्हणजे अरबी लिहिल्याने रक्तदाब बरा होतो, असं म्हणू का?” मी विचारलं.

“अजिबात नको. एक अभ्यास चिनी कुंचल्याचा, दुसरा पडद्यावरच्या डिजिटल पेनचा. बोरूचा एकही नाही. अंदाज बांधता येतो, औषध म्हणून लिहून देता येत नाही.” मग त्यांनी स्वतःचा अंगठा पुढे केला. तळाशी सूज होती. “आणि हे पण लिही. बोरू आवळून धरला तर अंगठा दुखतो, वाकून बसलं तर मान. मी निम्मं आयुष्य वाकून लोकांच्या तोंडात बघत काढलं. इथे आल्यावर पहिल्यांदा सरळ बसायला शिकलो, कारण वाकलो की अलिफ वाकतो.”

मला हेच महत्त्वाचं वाटतं. योगवर्गात पाठ सरळ ठेवा म्हणून सांगावं लागतं आणि दोन मिनिटांत आपण ते विसरतो. इथे कुणी सांगत नाही. पाठ, श्वास, पकड, झोप, यांतलं काहीही बिघडलं तर कागदावर उमटतं, आणि ठिपक्याने मोजून दाखवता येतं. शरीराकडे लक्ष द्यावंच लागतं, पण वळसा घालून, अक्षराच्या वाटेने. शिकण्याचा फायदा विचाराल तर हा वळसाच.

संध्याकाळी ६.००

पोटापाण्याचं काम. इथे सहा म्हणजे मुंबईत साडेआठ. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची अक्षरं द्यायची आहेत आणि संपादक याच वेळी निवांत असतात.

“अहो, ते ‘श्री’ जरा मोकळं करता येईल का? दाटल्यासारखं वाटतंय,” ते म्हणाले.

“किती मोकळं?”

“आता ते मी कसं सांगू? डोळ्याला बरं वाटेल इतपत.”

फोन ठेवल्यावर मी टेबलावरचा बोरू घेतला आणि ‘श्री’च्या पोटातली जागा ठिपक्यांनी मोजली. दीड भरली. दोन करून पाहिली. डोळ्याला बरं वाटलं. देवनागरीला ठिपक्यांचं व्याकरण नाही, पण मोजायची सवय लागली की ती लिपी बदलून सोबत येते.

आपल्याकडेही याची जाण होती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर खर्ची घातला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, मात्रा आणि वेलांट्या नेमक्या हव्यात, वेगवेगळ्या ठिकाणचे बोरू आणून निवडावेत, शाई आणि कागद जाणून घ्यावेत, आणि ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचंही असावं, असा त्यांचा आग्रह. ज्याने मन स्थिर करण्यावर इतकं लिहिलं, त्याने अक्षराच्या समासात मनाबद्दल न बोलता बोरू, शाई आणि अंतर यांच्याबद्दल बोलावं, हे मला होजांच्या वर्गात बसल्यापासून फार सयुक्तिक वाटतं. त्या दोघांची भेट झाली असती तर गप्पा बहुधा चाकूच्या धारेवर रंगल्या असत्या.

रात्री ८.३०

जेवणानंतर अर्धा तास ‘करालामा’. सरावाचा कागद काळा करणे. आज होजांनी लाल शाईने दाखवलेलं वळण त्याच कागदावर वर-खाली, आडवं-तिडवं, एकावर एक लिहीत जायचं. ओळ नाही, अर्थ नाही, वाचणारा नाही. कागदावर रिकामी जागा उरत नाही. थोर लेखकांची अशी सरावपानं पुढे लोकांनी सोनेरी चौकटी करून जपली. इथल्या संग्रहालयांत ती मूळ पानांइतक्याच मानाने टांगलेली दिसतात.

दिवसभरात मला सगळ्यांत मोकळं याच वेळी वाटतं. सकाळचा कित्ता परीक्षेसाठी असतो, हा कुणासाठीच नसतो. तरीही ठिपका सुटत नाही. मोजमाप अंगात मुरलं की त्यात हात सैल सोडता येतो, त्याआधी सोडला तर नुसता पसारा होतो.

नंतर बोरू धुऊन, पुसून आडवे ठेवायचे. लिकावर थेंबभर पाणी. दौतीचं झाकण घट्ट. पुढच्या बुधवारसाठी नेमलेलं अक्षर ‘बे’: उथळ होडीसारखं लांब, खाली एक ठिपका. उंची जवळजवळ नाही, सगळी कसोटी आडव्या ओढीची. अलिफाला खांदा लागला, बेला कोपर लागेल.

रात्री १०.००

झोपण्याआधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नजर टाकली. सकाळच्या नव्या मुलीने फोटो टाकला होता: तीन ओळी अलिफ, शेजारी मनगटावरचं घड्याळ, पडद्यावर आकडा. खाली लिहिलं होतं, “होजाम, अर्धा तास लिहिलं. ठोके ८१ वरून ७० वर आले!” डॉक्टरांनी लगेच टाळ्या पाठवल्या होत्या.

दोन मिनिटांनी होजांचं उत्तर आलं.

“दुसऱ्या ओळीतला पाचवा बरा आहे. बाकी सगळे सहा ठिपक्यांचे झालेत. उद्या घड्याळ काढून लिही आणि एक ठिपका वाढव.”